"त्याचा रोज एक तास, मग माझा कधी?"

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगी सहावीत, 11 वर्षांची, मुलगा तिसरीत, 8 चा. दोघांना पहिल्यापासून सगळं सेम टू सेम दिलं, गड्ड्याच्या जत्रेतनं खेळणं आणलं तरी दोन, म्हणजे भांडणच नको. आता मुलाला वाचायला फार जड जातंय, तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली, म्हणून रोज संध्याकाळी मी तासभर त्याच्याजवळ बसते. परवा मुलगी म्हणाली, "त्याचा रोज एक तास, मग माझा कधी? का मी पण वाचता येत नाही असं करू?" मला बोलायला काही सुचलंच नाही. हा अन्याय नाही हे तिला कसं पटवू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : पटवायचं नंतर बघू, आधी तिचं शेवटचं वाक्य परत वाचा. पोरीनं बरोबर ओळखलंय की या घरात जो अडला त्यालाच आई मिळते. आणि इतकी वर्षं मोजून सारखं देऊन न्याय म्हणजे सारखं हे तिच्या डोक्यात तुम्हीच बसवलंय, आता नियम बदलला पण तिला कुणी सांगितलंच नाही, मग चिडणारच की.

थोडा वयाचाही भाग आहे. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्येच मांडलं होतं की साधारण सात-आठ वर्षांपासून पोरं 'सगळ्यांना सारखं' यावर अडून बसतात, आणि अकरा-बाराच्या आसपास कुणाची काय अडचण आहे ते धरून विचार करायला लागतात. म्हणजे तुमची लेक अगदी उंबऱ्यावर आहे, नुसतं दटावून गप्प करू नका.

आम्ही मागे एसटीनं तुळजापूरला निघालो होतो. सासरे 78 चे, त्यांचं तिकीट फुकट, माझं अर्धं, 9 वर्षांच्या भाच्याचं अर्धं आणि नवऱ्याचं पूर्ण. भाचा कंडक्टरलाच विचारतो, "मामानी काय केलंय?" मग त्याला सांगितलं, सीट सगळ्यांना सारखीच, गाडी सगळ्यांसाठी तितकीच थांबते, पण 2022 पासून 75 च्या पुढच्यांना फुकट, 2023 पासून बायकांना अर्धं, 5 ते 12 च्या पोरांना आधीपासूनच अर्धं, आणि तू 75 चा झालास की तुझंही फुकट (तोवर योजना टिकली तर!). ते पटलं त्याला. लगेच पुढचं, "आणि मामाकडं पैसेच नसले तर?" मला काही उत्तर आलं नाही, कंडक्टर पण नुसता हसला.

तुमच्या घरी हेच कमी पडतंय, नियम उघड नाही. मुलीला सरळ सांगा की त्याला अक्षरं जुळवायला तुझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मी बसते, तुझं काही असं अडलं असतं तर तुझ्याजवळही बसले असते. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा प्रमाणपत्र असलेल्या अशा मुलांना जादा वेळ मिळतो, हेही सांगा. एक प्रयोग करा, तिला कन्नड पेपरचं एक पान द्या (घरात कन्नड येत असेल तर तेलुगू, आपल्या सोलापुरात काय कमी आहे का!) आणि पाच मिनिटांत वाच म्हणा, वर "लवकर, बाकीच्यांचं झालं" असंही दोनदा म्हणा. भावाचं अगदी असंच होतं असं नाही, पण घाम कसा फुटतो ते कळेल. हे सगळं भावाला बिचारा करून मात्र नको, तो ऐकत असतो. त्याचं ताट त्यानंच उचलायचं, उलट बोलला तर दोघांना ओरडा सारखाच, वाचता न येण्याचा आणि ताट उचलण्याचा काही संबंध नाही.

आणि "तू मोठी ना, तू समजूतदार ना" हे आजपासून बंद! समजूतदार पोरांचं आपण फार खातो बघा, ती मागत नाहीत म्हणून त्यांना लागतच नाही असं धरून चालतो. तिला तासभर नाही जमणार तुम्हाला, स्वयंपाक, घर, सगळं आहेच, तर वीस मिनिटं द्या, पण रोज ठरलेली आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यात अभ्यास काढू नका. तिला नुसतं गच्चीवर बसायचं असेल तर बसा, मैत्रिणीच्या चहाड्या सांगायच्या असतील तर ऐका. पहिले दोन-तीन दिवस ती घड्याळ लावून बसेल, लावू दे.