छोट्या विमानातलं रोटॅक्स ५८२ हे टू-स्ट्रोक इंजिन काढून रोटॅक्स ९१२ बसवतोय. डीजीसीएला, म्हणजे विमानांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याला, फक्त नवा इंजिन नंबर कळवला तर चालेल का?

नाही चालणार, आणि चालूही नये. ८० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आलं की नाक जड होतं, माउंट (इंजिन बसवायची चौकट), प्रोपेलर, पेट्रोलची लाइन सगळं बदलतं. मान्यता घ्यायची ती या बदललेल्या विमानाला.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लेथ-वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मित्राच्या दोन सीटच्या विमानाला नेमका हाच बदल केला, माउंट मी बनवलं. तेव्हा माझे दाजी येऊन सांगायचे, "इंजिन धडधडतंय ना? मग साहेबांना आधी उडवून दाखवा, कागद मागाहून होतात." मी ऐकलं नाही. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून रिकामं वजन घेतलं, गुरुत्वमध्य काढला. बॅटरी मागे न्यावी लागली. मग शेपूट खाली बांधून नाक चढाईच्या कोनात वर केलं, टाकीत अगदी तळाला पेट्रोल ठेवलं, कार्बोरेटरपाशी लाइन सोडली आणि पेट्रोल मापात धरलं. हीच फ्लो टेस्ट. ९१२ फुल पॉवरला ताशी साधारण २४ लिटर पितं. पंप असलेल्या लाइनमधून त्याच्या सव्वापट, म्हणजे ताशी ३० लिटर यायला हवं. आमचं कमी भरलं. फिल्टरजवळचा एक एल्बो, म्हणजे लाइनच्या वळणाचा तुकडा, अरुंद निघाला. दाजींचं ऐकलं असतं तर तो टेकऑफनंतर कळला असता, वस्तीच्या डोक्यावर.

तपासणीला आलेल्या डीजीसीएच्या साहेबांनी आधी या फ्लो टेस्टचाच कागद मागितला. याला अडवणूक म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पंपावरचं पेट्रोल घालू नका. ते आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं असतं आणि रोटॅक्स ई१०च्या, म्हणजे १० टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. आमच्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, इथेनॉलचा अभिमान मलाही आहे; पण ते पाणी ओढतं, होज खराब करतं, आणि मे महिन्याच्या उन्हात व्हेपर लॉकची, म्हणजे लाइनमध्ये वाफ होऊन पेट्रोल अडण्याची भीती वेगळीच. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल चालतं, फक्त ऑइल लवकर बदलावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर स्वतः विमान बनवणाऱ्या अमोल यादवांचं विमान मेक इन इंडिया प्रदर्शनात २०१६ला लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ला झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ला मिळाली. ते पूर्ण नवं डिझाइन होतं, तुमचं काम लहान आहे. तरी महिन्याभराचा हिशोब धरू नका.

हे सगळं आमच्या विमानावरून सांगतोय. तुमचं विमान तयार भागांच्या किटवरून जोडलेलं असेल तर किटवाल्यांनी ९१२साठी माउंट दिलंय का ते आधी बघा, आणि इंजिन मागवण्यापूर्वी ड्रॉइंग घेऊन अधिकाऱ्यांना भेटा. घरात कुणी "आधी उडवा" म्हणत असेल तर फ्लो टेस्ट त्यांच्यासमोर करा, लिटर त्यांनाच मोजू द्या. दाजी त्या दिवशी आले नव्हते, म्हणून अजून वाद घालतात.