कानात बिल्ला आहे, पण माग लागेल का?

जनावरांची ओळख आणि अन्नसाखळीतला त्यांचा माग यावर या वेळी बरेच प्रश्न आले. मी पशुवैद्यक असले तरी नोकरीतला बराच काळ सुई टोचण्यापेक्षा नोंदी तपासण्यात गेला. त्यामुळे उत्तरं थोडी कारकुनी वाटतील. त्याला इलाज नाही, विषयच कारकुनीचा आहे.

प्रश्न : आमच्या सगळ्या जनावरांच्या कानात बिल्ले आहेत. तरी खरेदीदार विचारतो की जनावर जन्मलं कुठे, मध्ये कुठे होतं, कधी हललं. क्रमांक असताना ही चौकशी कशाला?

क्रमांक एवढंच सांगतो की समोरचं जनावर तेच आहे. ते गेल्या महिन्यात कोणाच्या शेजारी, कोणत्या गव्हाणीवर उभं होतं, हे त्यावरून कळत नाही. आणि रोग पसरला की सगळे नेमकं तेच विचारतात.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2001 मध्ये एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांना लाळ-खुरकूत झाल्याचं लक्षात आलं. तोवर विषाणू उत्तरेकडच्या बाजारांमधून मेंढ्यांबरोबर दूरदूर पोचला होता. गायीगुरांना तिथे 1996 पासून पासपोर्ट होते, म्हणजे प्रत्येक जनावराचा ओळखीचा आणि हालचालींचा कागद; मेंढ्यांची ओळख मात्र कळपापुरतीच. एका बाजारात घेतलेली मेंढी दोन दिवसांत दुसऱ्या बाजारात, तिथून तिसऱ्या माणसाच्या कुरणात. कोणती कुठून आली हे शोधताना व्यापाऱ्यांच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागली. साथ संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. सगळा दोष नोंदींचा होता असं मी म्हणणार नाही, पण पुढे 2004 च्या युरोपीय नियमानं मेंढ्या-शेळ्यांनाही एकेकटी ओळख सक्तीची केली ती उगाच नाही.

मॅड काऊ हा गायीच्या मेंदूचा रोग आणखी अवघड. बाधा होते वासरू असताना, खाद्यातून. लक्षणं दिसतात साधारण चार-पाच वर्षांनी. म्हणजे आज गाय अडखळायला लागली तर तपास सुरू होतो पाच वर्षांपूर्वीच्या दावणीपासून. ती कुठे जन्मली, तेव्हा काय खात होती, तिच्या आगेमागे वर्षभरात त्याच गोठ्यात जन्मलेली वासरं आज कोणाकडे आहेत? जन्मतारीख आणि जन्माचा गोठा यांची नोंद म्हणूनच मागतात.

तुमच्या खरेदीदाराला चार गोष्टी हव्यात : क्रमांक, कुठून, कुठे, कोणत्या तारखेला. जनावर हलेल तेव्हा, त्याच दिवशी लिहिलेल्या. मी तपासणीला गेले की आधी कान पाहत नाही, वही मागते. एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेल्या सहा महिन्यांच्या नोंदी लांबूनही ओळखू येतात. मग मेलेल्या जनावरांचं पान उघडते. मोठ्या कळपात वर्षानुवर्षं एकही वासरू दगावलेलं नसेल, तर त्या वहीवर माझा विश्वास बसत नाही, मग बिल्ले कितीही चकचकीत असोत.

प्रश्न : कत्तलखान्यात डोकंच वेगळं केलं जातं. मग कानातल्या क्रमांकाचं पुढे काय होतं?

माग तुटण्याची सर्वात मोठी जागा तुम्ही बरोबर हेरली आहे. जनावर आत येतं तेव्हा कानातला क्रमांक वाचतात, कागदांशी ताडतात आणि त्याला त्या दिवसाचा कत्तल-क्रमांक देतात. पुढे कान नाही, कातडी नाही. धड हुकावर लटकून पुढे सरकतं आणि त्याची ओळख आता लेबलवर किंवा रांगेतल्या जागेवर टिकते.

रांगेवर भरवसा ठेवणाऱ्या ठिकाणी काय होतं ते सांगते. तपासनिसाला एखाद्या धडात काही संशयास्पद दिसलं की ते बाजूच्या रुळावर काढतात. रांगेत एक जागा रिकामी होते. ती रिकामी जागा पुढच्या माणसानं मोजली नाही तर त्यानंतरचं प्रत्येक धड एकानं सरकतं आणि प्रत्येकाला शेजारच्याचा क्रमांक मिळतो. दिवसअखेर बेरीज मात्र अगदी बरोबर येते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. अशा ठिकाणी मी एकच चाचणी घेते : शीतगृहातलं कुठलंही एक धड निवडायचं आणि तिथून उलटं चालत गोठ्यापर्यंत जायचं. सुलट दिशेनं सगळ्यांचे कागद जुळतात.

त्यानंतर हाडं काढण्याचं टेबल येतं. इथे एका जनावराची ओळख संपते आणि तुकडीची, म्हणजे लॉटची सुरू होते. अनेक धडं एकत्र कापली जातात आणि पेटीवर लॉट-क्रमांक बसतो. खिम्याच्या लॉटमध्ये तर शेकडो जनावरांचं मांस असू शकतं. या लॉटचा आकार कोणी ठरवायचा? बहुतेक ठिकाणी तो कारखान्याच्या सोयीनं ठरतो. दर तासाला टेबल रिकामं करून नवा लॉट सुरू केला तर काम थांबतं. दिवसभराचा एकच लॉट धरला तर काम जोरात. पण दूषित मांस निघालं की एका तासाचा माल परत बोलवायचा की अख्ख्या दिवसाचा, हे तेव्हाच ठरून गेलेलं असतं. माझ्या मते, मालकाला पहिला प्रश्न लॉटबद्दल विचारावा, संगणकाबद्दल नव्हे.

जपाननं 2003 च्या कायद्यानं गोमांसाच्या पाकिटापर्यंत जनावराचा 10 आकडी क्रमांक नेला. तो संकेतस्थळावर टाकला की जन्मतारीख, जात, कुठे कुठे वाढलं, कधी कापलं, सगळं ग्राहकाला दिसतं. पण खिमा त्यांनीही या सक्तीतून वगळला आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. जे पाळता येणार नाही त्याचं लेबल लावू नये.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला तर चोरीला गेलेलं जनावर मोबाइलवर दिसेल ना?

नाही. विक्रेते हा गैरसमज मुद्दाम दूर करत नाहीत. त्या बिल्ल्यात बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ नेलं की त्याच्या लहरींवर, म्हणजे 134.2 किलोहर्ट्झवर, चिप क्षणभर जागी होते आणि 15 आकडी क्रमांक सांगते. पहिले तीन आकडे बहुधा देशाचे, उरलेले जनावराचे. अंतर फार तर हातभर ते मीटरभर. जागा सांगणारी जीपीएस पट्टी निराळी, तिला बॅटरी लागते. चोरीचं जनावर पुढे कुठे विकायला आणलं आणि तिथे कोणी यंत्र फिरवलं, तरच चिपचा उपयोग. कानातला बिल्ला तर चोर आधीच कापतो. पोटात बसणारी सिरॅमिकची गोळी त्या मानानं सुरक्षित. ती जाळीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या एका कप्प्यात, जाऊन बसते आणि जड असल्यामुळे तिथेच राहते. फक्त कत्तलीच्या वेळी ती आठवणीनं बाहेर काढावी लागते.

चिपचा खरा फायदा साधा आहे : चिखलानं माखलेला क्रमांक ओणवं होऊन वाचावा लागत नाही आणि 6 चा 8 होत नाही. ऑस्ट्रेलियात 2005 पर्यंत, उरुग्वेत 2006 पासून गुरांना ती सक्तीची झाली, कारण हजारो जनावरं एका दिवसात बाजारातून जातात आणि हातानं लिहिणं तिथे शक्यच नाही. तुमच्याकडे वीसच जनावरं असतील तर साधा बिल्ला आणि नीट लिहिलेली वही पुरते.

प्रश्न : दूध तर टँकरमध्ये एकत्र होतं. मग प्रतिजैविकाचा अंश सापडला तर गोठा कसा शोधणार?

टँकरमधून नाहीच शोधता येत. म्हणून दूध टँकरमध्ये ओतण्याआधी प्रत्येक गोठ्याचा छोटा नमुना बाटलीत घेऊन गार ठेवायचा असतो. डेअरीच्या दारात टँकरची चाचणी होते. ती नापास झाली की मग त्या बाटल्या एकेक करून तपासतात. टँकरला कप्पे असतील तर कोणत्या गोठ्याचं दूध कोणत्या कप्प्यात गेलं हेही लिहायचं. माग सगळा त्या बाटल्यांवर उभा आहे. घाईत चालकानं दोन बाटल्या एकाच कॅनमधून भरल्या तर निर्दोष माणूस अडकतो.

गोठ्याच्या बाजूनं उपचाराची नोंद हवी : कोणत्या गायीला, कोणतं औषध, कधी, आणि दूध किती दिवस बाजूला ठेवायचं. इथे कानातला क्रमांक रोजच्या उपयोगाचा होतो, कारण धारेला बसणारा आणि इंजेक्शन देणारा बहुतेकदा एकच माणूस नसतो. पायाला रंगीत पट्टी बांधा, बाकी काही जमलं नाही तरी.

प्रश्न : कोंबड्यांना कोण बिल्ला लावणार?

कोणी नाही. तिथे ओळख कळपाची. युरोपात अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा पाळण्याची पद्धत सांगतो (0 सेंद्रिय, 3 पिंजरा), मग देश, मग उत्पादक. 2017 मध्ये अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं तेव्हा नेदरलँड्सनं असे शिक्के जाहीर केले आणि लोकांनी घरातली अंडी हातात घेऊन ताडून पाहिली.

प्रश्न : कागद व्यवस्थित असूनही फसवणूक होतेच. ब्लॉकचेननं ती थांबेल का?

15 जानेवारी 2013 ला आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जाहीर केलं की तपासलेल्या 27 बीफ बर्गरपैकी 10 मध्ये घोड्याचा डीएनए सापडला. एकात तर मांसाचा 29 टक्के भाग घोड्याचा होता. पुढे प्रकरण अनेक देशांत पसरलं. माल दलालांमार्फत फिरत होता आणि प्रत्येक मुक्कामी त्याला कागद होताच. कागद खरा आणि पेटीतला माल खोटा. शिवाय घोड्यांना दिलं जाणारं फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक माणसाच्या अन्नात चालत नाही, त्यामुळे हा नुसता लेबलचा घोटाळा नव्हता.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेली वही. ती लिहिलेली नोंद मागाहून बदलू देत नाही, बस. पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं घोड्याला बैल म्हटलं तर ते बैलच राहतं, आणि आता खोडताही येत नाही! फसवणूक पकडायला दोन जुनी हत्यारं उत्तम. एक, वजनाचा ताळेबंद : इतकी धडं आत गेली तर इतक्याहून जास्त मांस बाहेर येऊच शकत नाही. खरेदी कमी आणि विक्री जास्त दिसली की मी पुढचा कागद वाचायच्या आधी गोदामाची किल्ली मागते. दुसरं, डीएनए. जपानमध्ये कत्तलीच्या वेळी नमुना राखून ठेवतात आणि दुकानातल्या मांसाशी जुळवून पाहतात. तिथे कागदाचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : बिल्ला पडला. नवीन लावला की झालं?

नाही, आधी जुना क्रमांक शोधा. काही देशांत त्याच क्रमांकाचा बिल्ला पुन्हा मागवतात. भारतातल्या 12 आकडी व्यवस्थेसारख्या ठिकाणी नवा क्रमांक देऊन तो जुन्याशी जोडतात. जोडणी केली नाही तर नोंदीत दोन जनावरं होतात : एक गायब झालेलं आणि एक आकाशातून पडलेलं. लसीकरण पहिल्याच्या नावावर, दूध दुसऱ्याच्या.

वारंवार पडत असेल तर लावण्याची जागा तपासा. बिल्ला कानाच्या मधल्या भागात, कूर्चेच्या (कानातल्या मऊ हाडाच्या) दोन उंचवट्यांच्या मध्ये हवा. टोकाकडे लावला की कुंपणात अडकून कान फाटतो. मुळाशी घट्ट लावला की वाढत्या वासराला काचतो आणि जखम चिघळते. माश्यांचा हंगाम टाळा, पक्कड दर वेळी जंतुनाशकात बुडवा. सापडलेला जुना बिल्ला खिळ्याला टांगून न ठेवता कापून टाका, आणि बदलाची तारीख दोन्ही क्रमांकांसमोर लिहा.