रेंजवर जमतं, कोर्सवर बिघडतं

"मॅडम, रेंजवर बादलीभर बॉल सरळ मारतो. कोर्सवर पहिल्या टीवर उभा राहिलो, की हात माझे राहत नाहीत." मी समुपदेशक आहे, आणि गोल्फ खेळणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी अनेकदा ऐकते. रेंज म्हणजे सरावाची जागा, कोर्स म्हणजे प्रत्यक्ष खेळाचं मैदान, आणि टी म्हणजे सुरुवातीचा फटका मारायची जागा. पाठोपाठ प्रश्न येतो, "स्विंग, म्हणजे फटक्याची हालचाल, सुधारायला आणखी काय करू?" म्हणून एका गृहस्थांची गोष्ट, ओळख बदलून, सांगते.

पन्नाशीचे डिझाइन इंजिनिअर. पहिल्याच भेटीत त्यांनी वही उघडली. कोपर, मनगट, डोकं, कंबर, उजवा गुडघा... व्हिडिओ बघून उतरवलेल्या सत्तावीस सूचना.

"शॉट मारताना यातल्या किती आठवता?"

"सगळ्या आठवायचा प्रयत्न करतो."

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, वरून खाली बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात एक सूचनाही आठवून अमलात आणता येत नाही. हे गणित त्यांना लगेच पटलं, पण पुढच्या भेटीत वहीत आणखी दोन सूचना वाढलेल्या होत्या.

तिसऱ्या भेटीत मी कागद पुढे केला. "सही करा." त्यांनी झर्रकन केली. "आता पुन्हा करा. प्रत्येक वळणाकडे लक्ष ठेवा, अंगठ्याचा दाब तपासा, आणि सही हुबेहूब आलीच पाहिजे." पेन अडखळलं, रेघ थरथरली. ते दोन्ही सह्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही बँकेत चालणार नाही," ते म्हणाले. मग हळूच, "पहिल्या टीवर हेच होतं माझं."

त्या क्षणी मी काहीच बोलले नाही. माणसाला स्वतःचं स्वतःला दिसतं, तेव्हा समुपदेशकाने मध्ये येऊ नये, असं मी मानते.

नंतर विचारलं, "हात तपासावेसे का वाटतात?"

"सोबतचे तिघे बघत असतात. बॉल सरळ गेलाच पाहिजे."

तो 'च' मला हवा होता. विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीत, मी वाढले. तिचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी माणसाच्या 'झालंच पाहिजे'वर बोट ठेवलं, आणि मराठीत तर हा हट्ट एका अक्षरात मावतो. त्यांची वही त्या 'च'पोटीच जन्मली होती. 'च' असेपर्यंत चुकण्याची धास्ती राहणार, आणि धास्ती असली की माणूस स्वतःच्या हातांवर पहारा बसवणार.

"सरळ जावा अशी माझी फार इच्छा आहे. नाही गेला तर वाईट वाटेल, पण मी पुढचा शॉट खेळेन." 'च'च्या जागी मी दिलेलं हे वाक्य त्यांना आधी मिळमिळीत वाटलं. दोन आठवडे म्हटल्यावर पकड सैल झाली, असं त्यांनीच सांगितलं.

माझा सल्ला असा. ग्रिप, उभं राहणं, बॉलची जागा हे स्थिर असताना तपासता येतं. तेवढं जरूर तपासा. कोपराचं काम प्रशिक्षकासोबत रेंजवर करा, एका वेळी एकच. कोर्सवर लक्ष अंगाबाहेर ठेवा. संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगात, हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक पडले. गोल्फचे दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस बॉलच्या थोडं पुढे, लक्ष्याच्या रेषेतलं एखादं पान किंवा खूण निवडत. तुम्हीही निवडा, श्वास सोडा, मारा. आणि रेंजवर एकाच क्लबने पन्नास बॉल मारू नका. दर बॉलला क्लब बदला, लक्ष्य बदला, मागे येऊन पुन्हा उभे राहा. कोर्सवर तसंच तर खेळायचं असतं. कंबर किंवा कोपर दुखत असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्ट.

दोन महिन्यांनी ते आले. "पहिल्या टीवर तिघे होते. बॉल उजवीकडे रफमध्ये, उंच गवतात गेला."

"मग?"

"मग काय, चालत गेलो. तिथून सात नंबरचा आयर्न क्लब काढला. वही गाडीतच राहिली होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं."