वैद्यकीय उपकरणांच्या स्टार्टअपमध्ये नव्याने रुजू होताना
सुरुवातीला कोडपेक्षा कागदपत्रेच अधिक हाताळावी लागली, तरी आपण नाउमेद होऊ नये. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, बिघाडामुळे किती गंभीर इजा होऊ शकते यानुसार, सॉफ्टवेअरचे ए, बी आणि सी असे सुरक्षा-वर्ग आहेत. आपले काम कोणत्या वर्गात मोडते हे आधी विचारून घ्यावे, कारण चाचण्या आणि नोंदी किती काटेकोर ठेवायच्या, हे त्यावरच ठरते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची १९८५ ते १९८७ मधील प्रकरणे मात्र लगेच अभ्यासावीत: आधीच्या यंत्रातील स्वतंत्र हार्डवेअर-अटकाव (धोकादायक स्थितीत यंत्र चालू न देणारी व्यवस्था) वगळून सुरक्षितता सॉफ्टवेअरवर सोपवली गेली आणि सहा रुग्णांना किरणांची अतिमात्रा मिळाली. त्यातील एक दोष ऑपरेटरने यंत्रात भरलेली उपचाराची नोंद झटपट दुरुस्त केली तरच प्रकट होत असे. म्हणूनच, शक्य असल्यास, परिचारिका घाईच्या वेळी उपकरण कसे हाताळतात, हे वॉर्डात जाऊन पाहण्याची परवानगी मागावी.