सोमवारी पाळकाने कुणाकडे जावं?

ताई, प्रभूमध्ये सलाम. मी मूळचा नगरचा, चौदा वर्षं इंदुरात पाळक आहे. रविवारची उपासना हिंदीत, महिन्यातून एकदा मराठी कुटुंबांसाठी मराठीत. दोन वर्षांपूर्वी वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या ११ पाळकांची मासिक सहभागिता सुरू केली. वर्षभरात मोडली. एकाने प्रार्थनेसाठी सांगितलेली घरची गोष्ट भलत्याच मंडळीत पोचली, आणि याच गटातल्या एकाकडे माझी दोन कुटुंबं गेली. आता मी कुणाशीच बोलत नाही. चार महिने झाले, संदेशाच्या तयारीपलीकडे बायबल उघडलेलं नाही. झोप नीट नाही. पत्नी म्हणते, तुम्ही घरात असूनही नसता. पुन्हा प्रयत्न करावा, की पाळकाने आपलं ओझं फक्त देवाजवळच न्यावं?
— एक पाळक, इंदूर

पाळकसाहेब, सलाम.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ‘फक्त देवाजवळ’ हे ऐकायला भक्तीचं वाटतं, पण शास्त्र तसं सांगत नाही. निर्गमच्या १७व्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला आणि मग दोन्ही बाजूंनी हात धरले. पौल करिंथकरांना लिहितो की देवाने आम्हाला सहकारी तीताच्या येण्याने धीर दिला. धीर देवाचाच होता, पण तो तीताच्या पायांनी चालत आला. तेव्हा प्रयत्न पुन्हा करा, मात्र तसाच नको, आणि लगेचही नको.

आधी धोंड्याचं, म्हणजे शरीराच्या आधाराचं बघू. पहिल्या राजेच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला संदेश देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा खातो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर येतो. म्हणून या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. उदासी, कशातच गोडी न वाटणं, झोप उडणं हे दोन आठवड्यांहून अधिक रोजचंच झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. विश्वास कमी पडल्याचं ते लक्षण नाही. मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

आता तुमची सहभागिता का मोडली ते पाहू. अकरा माणसं, दोन तास. त्यातून स्वागत, दोन गाणी, एक संदेश आणि चहा वजा करा. माणशी पाच मिनिटं उरतात. पाच मिनिटांत कुणी मन उघडत नाही, फक्त अहवाल देतो. बाप्तिस्मे किती झाले, इमारतीचं काम कुठवर आलं, कन्व्हेन्शनला कोण येतंय. शिवाय पाळकाला उभं राहून बोलायला दिलं की तो उपदेशच करतो, हा धंद्याचा दोष आहे. आणि राग मानू नका, पण ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ हा आपल्या मंडळ्यांत बातमी पसरवण्याचा सगळ्यात पवित्र मार्ग आहे. ज्याची घरची गोष्ट फुटली त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा. गोष्ट तुम्ही फोडली नसेल, पण बैठक तुम्ही बोलावली होती आणि गुप्ततेचा शब्द कुणाकडूनच घेतला नव्हता. तेवढ्याची माफी मागा, खुलासे देऊ नका.

नवा गट तीन, फार तर चार जणांचा असू द्या. माणसं निवडण्यातच निम्मं काम आहे. ज्याच्या हातात तुमचा पगार किंवा बदली आहे तो नको. तुमच्या कमिटीतला नको. ज्याची मंडळी तुमच्याच मोहल्ल्यात भरते तोही सध्या नको. देवास किंवा महूचा बरा, तासाभरात येऊ शकतो आणि त्याची मेंढरं तुमच्या कुंपणाला लागून नसतात. नात्यातला तर मुळीच नको. नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती घरांत कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही, म्हणून आधीच विचारून घ्या.

पंथ वेगळे असले तर उलट बरं. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केलं आणि त्या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एक होऊन ते बनलं. तिथल्या प्रेस्बिटरच्या, म्हणजे पाळकाच्या, वर बिशप असतो, पण बदली त्याच्याच हातात असल्यावर मनातलं त्याला कसं सांगणार? स्वतंत्र मंडळीच्या पाळकाच्या वर कुणीच नसतं. दोघांचं एकटेपण निरनिराळं असतं आणि म्हणूनच दोघं एकमेकांच्या कामी येतात. एक मात्र ठरवून टाका. गटात प्रभुभोजन घ्यायचं नाही आणि बाप्तिस्मा किंवा अन्य भाषांवर (प्रार्थनेत आत्म्याने बोलल्या जाणाऱ्या अनोळखी भाषांवर) वाद घालायचा नाही. कॅथलिक फादर गटात असतील तर हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेलं बरं.

चौघांना एकदम बोलावू नका. आधी एकालाच भेटा, दर पंधरा दिवसांनी, तीनदा. ती तीन बोलणी बाहेर गेली नाहीत, तर दोघांनी मिळून तिसरा निवडा. मुदत सहा महिन्यांची. मुदत संपली की चालू ठेवायचं की थांबायचं ते पुन्हा विचारा; शेवट ठरलेला असला की कुणाला पळ काढावा लागत नाही.

वार सोमवार, साडेदहा ते बारा. शनिवारी संदेश डोक्यात असतो आणि रविवारी माणूस उरत नाही. कुणाच्याही चर्चमध्ये बसू नका, यजमान आपोआप अध्यक्ष होतो. खाण्यापिण्याच्या छप्पन दुकानवरही नको. दोन घास पोहे खाताय तोवर कुणीतरी ‘प्रेज द लॉर्ड, पास्टरजी’ म्हणत खुर्ची ओढतो. घरातली मागची खोली चालेल.

चौघांचे नव्वद मिनिटांचे हिशेब असे बसतात: फोन पिशवीत, पहिली दहा मिनिटं गप्प. मग एक स्तोत्र वाचायचं, त्यावर भाष्य नाही. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, घड्याळ दुसऱ्याच्या हातात. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, वचन काढून दाखवायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे. पाळकांना हाच नियम सगळ्यात जड जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मोडतो; मोडला की वेळ सांभाळणाऱ्याने हात वर करायचा, बस. उरलेल्या वेळात प्रार्थना. प्रत्येकाने डावीकडच्या माणसासाठी, दोन मिनिटं, तपशील न उगाळता. देवाला आजाराचं नाव आणि दवाखान्याचा पत्ता ठाऊक असतो.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले, तेव्हा गेल्या भेटीपासून कोणती पापं घडली हाच नेहमीचा पहिला प्रश्न ठेवला होता. तुम्ही तिथून सुरुवात करू नका, दार बंद होईल. झोप किती झाली? पत्नीशी मंडळीचा विषय सोडून काय बोललात? रात्री फोनवर काय पाहता? कर्ज किती? कुणाचा राग घेऊन वेदीसमोर उभे राहिलात? एवढं पुरे, तिसऱ्या महिन्यात वेस्लीचा प्रश्न आपणच येतो. आणि जमलं तर मराठीत बोला. इंदुरात हिंदी बोलताना तुम्ही पास्टरजी असता. रडू आईच्या भाषेत लवकर येतं.

गुप्ततेचा शब्द ढोबळ घेऊ नका. पत्नीलाही सांगायचं नाही. नाव न घेता संदेशात वापरायचं नाही, कारण मंडळी नाव ओळखतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त वेळ आणि जागा. दोन अपवाद पहिल्या भेटीतच मोठ्याने सांगा. कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. ‘प्रार्थना करू’ म्हणून ते झाकता येत नाही. गटात उसनवारीही नको. कुणाची अडचण असेल तर झेपेल तेवढं द्या आणि परतीची वाट पाहू नका, नाहीतर उसने घेणारा पुढच्या सोमवारी येत नाही.

त्या दोन कुटुंबांचा प्रश्न गटात आणू नका. मत्तयाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे आधी एकट्याने त्या पाळकाकडे जा. कुटुंबं परत मागू नका, ती कुणाची मालमत्ता नाहीत. पुढे कुणी मंडळी बदलून आलं तर आधीच्या पाळकाला एक फोन करायचा, एवढंच ठरवा. परवानगी नको, खबर हवी.

स्वतःसाठी बायबल उघडायचं तर ज्यावर संदेश द्यायचा नाही असं पुस्तक घ्या. मराठीत, दहा ओव्या, पेन हातात न घेता. पेन आलं की मुद्दे सुचतात.

राहिल्या पाळकीणबाई. मंडळीत त्यांनाही मैत्रीण करता येत नाही आणि त्यांना कुणी पगारही देत नाही. गटातल्या गोष्टी त्यांना सांगायच्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवा. येत्या सोमवारी देवासला फोन करण्याआधी दोघं बाहेर जेवायला जा. त्या काही सांगू लागल्या तर लगेच ‘चल, प्रार्थना करू’ म्हणू नका. त्यांचं बोलून होऊ द्या.