मुलगी सॉरोरिटीत गेली म्हणजे नक्की कुठे गेली

नाशिकच्या ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. तुम्ही विचारलंय की मिस्टरांची एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला बदली होतेय, मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिच्या शाळेचं कसं करायचं, आणि टेक्ससमधली तुमची भाची कॉलेजात सॉरोरिटीत, म्हणजे तिथल्या मुलींच्या संघटनेत, गेल्याचे फोटो बघून घरात सगळे धास्तावलेत, पोरगी हातची गेली म्हणतायत, तर हे नक्की काय प्रकरण असतं आणि उद्या आपल्या मुलीनेही तेच केलं तर काय करायचं. शाळेच्या प्रवेशाला काय कागद लागतात, कुठल्या लसी लागतात ते तिथल्या शाळांच्या साइटवर नीट दिलेलं असतं, ते परत लिहीत नाही. एकटेपणाचंही विचारलंय, त्याचं फार मनावर घेऊ नका, पहिली दोन वर्षं जड जातात मग सवय होते. सॉरोरिटीवर मात्र लिहितो, कारण माझी मुलगी त्यात आहे आणि त्या वेळी मी जे वागलो ते मला अजून छळतंय.

आधी शब्दाचं सांगतो. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण, आपल्या संस्कृतमधला स्वसृ आणि तो एकाच मुळातले. १८८२ साली सिराक्यूज विद्यापीठात लॅटिन शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने गॅमा फाय बीटाच्या मुलींना सॉरोरिटी हा शब्द सुचवला, तोवर मुलींच्या संघटनाही स्वतःला मुलांच्या संघटनांसारखं फ्रॅटर्निटीच म्हणवून घ्यायच्या, त्या शब्दात भाऊ आहे. म्हणजे शब्दातच बहीण आहे. आणि आमच्या घरात सगळं दुखणं त्याच शब्दापाशी होतं, ते पुढे येईलच.

तुमच्या घरच्यांनी जे व्हिडिओ बघितले असतील, ऑगस्टमध्ये मोठ्या पांढऱ्या खांबांच्या घरासमोर एकसारख्या कपड्यात टाळ्या वाजवत नाचणाऱ्या मुली, ते त्यातल्या एका प्रकारचं चित्र आहे. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स म्हणून १९०२ सालची शिखर संस्था आहे, तिच्यातल्या जुन्या सॉरोरिटींचं ते. दक्षिणेकडे त्याचं प्रस्थ फार, आणि घरात राहणं-जेवणं धरलं तर खर्च काही हजार डॉलरवर जातो. दुसऱ्या आहेत कृष्णवर्णीय मुलींच्या, त्यातली सगळ्यात जुनी अल्फा कप्पा अल्फा, १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली, कमला हॅरिस तिथल्याच. तुमच्या दिरांना पटवायचं असेल तर हे नाव आधी सांगा, आमच्याकडे माझ्या मोठ्या भावावर तेवढंच चाललं. आणि तिसऱ्या आपल्या मुलींच्या. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनला, सिग्मा सिग्मा ऱ्हो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सला, तिन्ही १९९८ च्या. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतातून आलेल्या लोकांच्या इथे वाढलेल्या मुली तोवर कॉलेजात पोचल्या होत्या, त्यांनी आपलं आपण काढलं. भाची टेक्ससमध्ये आहे तर ती यातल्या कशात असण्याची शक्यता आहे, तिला सरळ नाव विचारा. बहुतेक ठिकाणी ठरावीक मार्क लागतात, वर्षभर समाजकार्य करावं लागतं आणि वर्गणी भरावी लागते. माझ्या मुलीची संस्था कुठली ते लिहीत नाही, पण अशीच, छोटी, तिच्या वेळी नव्या मुली पाचच होत्या. घरबिर काही नाही, वर्गणी सेमिस्टरला साधारण साडेचारशे डॉलर.

आता हे सगळं मला आज माहिती आहे. २०२३ च्या वसंतात यातलं काहीच माहिती नव्हतं.

आम्ही २०१४ च्या ऑगस्टमध्ये आलो, ती दहा वर्षांची होती, पुण्याच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेतून पाचवीत. प्रवेशाच्या फॉर्मवर विचारतात, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला शिकलं, घरी काय बोलता. मी अभिमानाने दोन्हीकडे मराठी लिहिलं. झालं, तिची परीक्षा घेतली, नवी जागा, नवे उच्चार, पोरगी घाबरून गप्प बसली, आणि तिला ईएसएलमध्ये टाकलं, म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचा वर्ग. पुण्यात इंग्रजीत वर्गात पहिली येणारी मुलगी इथे चित्रं बघून ॲपल-बनाना म्हणत होती, आणि त्यासाठी तिला सायन्सच्या तासाला उठवून नेत. मी तीन वेळा शाळेत गेलो, पुण्याची प्रगतिपुस्तकं दाखवली, त्या बाई गोड हसून म्हणायच्या की वर्षाच्या शेवटी बघू. वर्ष गेलं. अकरा वर्षं झाली तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. तुमची मुलगी पंधराची, तिला एक वर्षसुद्धा परवडणार नाही, म्हणून भाषा खरीच लिहा पण जुन्या मार्कशीट सोबत ठेवा आणि परत परीक्षा घ्या असं तोंडी नाही, ईमेलवर मागा.

तर त्या वर्षाच्या प्रगतिपुस्तकात शिक्षिकेने शेरा लिहिला होता, व्हेरी हेल्पफुल. आम्ही तो कागद फ्रिजला लावला होता, साताऱ्याला आईलाही फोटो पाठवला. हा कागद लक्षात ठेवा.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सेमिस्टरला तिचे फोन कमी झाले. रोज रात्री नऊला बोलायची ती दोन-दोन दिवस बोलेना, बोलली तर आवाज थकलेला, आणि काय चाललंय विचारलं तर म्हणायची, बाबा मी एका गोष्टीत आहे, आत्ता सांगता येत नाही, एप्रिलमध्ये सांगते. ताई, तुम्ही आई आहात, या वाक्याने पोटात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे कळलं की या छोट्या संस्थांत पद्धतच अशी असते, निवड झालेल्या मुलींची एक लाइन असते, त्यांनी काही आठवडे संस्थेचा इतिहास, नियम, स्ट्रोल म्हणजे तालावरच्या स्टेप, हे सगळं शिकायचं आणि बाहेर बोलायचं नाही, शेवटी सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन, त्याला प्रोबेट म्हणतात, तेव्हा नावं जाहीर होतात. पण मला फक्त एवढं आठवत होतं की २०१७ साली पेन स्टेटला एका फ्रॅटर्निटीत आमच्याच न्यू जर्सीचा मुलगा दारू पाजून पाजून गेला. मी विद्यापीठाला फोन केला. पलीकडून उत्तर आलं की मुलगी अठराची झाली आहे, फर्पा म्हणजे विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवायचा कायदा, त्याने तिच्या परवानगीशिवाय काही सांगता येत नाही. फी कोण भरतं विचारायचं फार तोंडावर आलं होतं.

फोनवर आम्ही एकमेकांचं लोकेशन बघू शकतो. रात्री एकला मी तो निळा ठिपका बघत बसायचो. एकदा तो ठिपका तिच्या हॉस्टेलवर नाही, लायब्ररीत नाही, एका पार्किंगच्या इमारतीत होता आणि दीड तास हलला नाही. बायकोला न उठवता गाडी काढली आणि टर्नपाइकने, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेने, निघालो, पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. तिसऱ्या मजल्यावर पिवळ्या दिव्याखाली पाच मुली एका ओळीत उभ्या, तोंडातून वाफ येतेय, आणि एक मोठी मुलगी समोरून मोजतेय. पाय, टाळी, वळा, परत पाय. माझी मुलगी ओळीत चौथी, अंगात माझा जुना मरून स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. साताऱ्याला शाळेत पंधरा ऑगस्टच्या आधी आम्ही लेझीम बसवायचो अगदी तसं, एकीचा पाय चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मी गाडीतून उतरायला नको होतं. उतरलो, आणि मोठ्याने तिचं नाव घेतलं. घरचं नाव.

ती आली, गाडीशी उभी राहिली, रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, बाबा, तुम्हाला मी बोलले होते एप्रिलमध्ये सांगते. आणि परत ओळीत जाऊन उभी राहिली. मी एकटाच परत आलो. महिन्याभराने प्रोबेट होतं, तिने आईला बोलावलं, मलाही बोलावलं, मी ऑफिसचं कारण सांगून गेलो नाही. बायको गेली, व्हिडिओ काढून आणला. तो मी आजवर पूर्ण बघितलेला नाही.

खरं कारण रात्रीचं नव्हतंच. ती सारखी माझी बिग, माझी बिग म्हणायला लागली होती. प्रत्येक नव्या मुलीला एक सीनियर नेमून देतात, ती बिग आणि ही लिटल. दाराची चावी हरवली तरी फोन बिगला, ताप आला तरी बिगला. आम्ही नंतर, कळवण्यापुरते. एकुलती एक मुलगी, तिच्या सख्ख्या चुलत बहिणी साताऱ्यात, मामेबहिणी पुण्यात, आणि ती चार महिन्यांच्या ओळखीच्या मुलींना सिस्टर म्हणतेय हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात घरच्या प्रिंटरमध्ये एक कागद राहिलेला सापडला. तिने सॉरोरिटीच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध, तुला का यायचंय. त्यात होतं की पाचवीत जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर कोणी बसायचं नाही, म्हणून ती डबा पाच मिनिटांत संपवायची आणि तिथल्या मदतनीस बाईंना विचारून ओल्या फडक्याने सगळ्यांची टेबलं पुसायची, म्हणजे एकटी बसलेली दिसणार नाही. वर्षभर. ते व्हेरी हेल्पफुल होतं ते हे होतं ताई, जे आम्ही फ्रिजला लावलं होतं. आणि खाली एक ओळ होती, मला बहिणी होत्या, त्या आठवड्यातून एकदा दहा मिनिटं स्क्रीनवर दिसायच्या, नंतर दिसेनाशा झाल्या. कागद मी घडी घालून तिच्या पुस्तकात परत ठेवला. वाचला हे अजून तिला सांगितलेलं नाही. वर एकटेपणाची सवय होते असं मी तुम्हाला लिहिलंय ना, ते माझ्यापुरतं खरं आहे, तिला विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

म्हणून घरच्यांना समजावताना त्या नाचगाण्याच्या व्हिडिओपासून सुरुवात करू नका. मी आईला मंगळागौरीचं उदाहरण दिलं, सगळ्या मिळून रात्रभर जागतात, खेळतात, थोरली धाकटीला फुगडी शिकवते. तिला ते पटलं, पण ती अजूनही फोनवर विचारते, तिला हॉस्टेलात खोली मिळाली नाही का. असू दे. आणि नुसती मंगळागौर म्हणून सोडूनही देऊ नका, कारण हेझिंग, म्हणजे नव्या मुलांना छळायचा प्रकार, खरा आहे. न्यू जर्सीने २०२१ मध्ये त्याविरुद्धचा कायदा कडक केला, आणि डिसेंबर २०२४ पासून केंद्राचाही कायदा आहे, त्यात कुठल्या संघटनेवर काय कारवाई झाली ते कॉलेजला जाहीर करावं लागतं. ते वाचा. मुलीला विचारा की झोप किती मिळते, जेवतेस का, मध्येच सोडायचं म्हटलं तर सोडता येतं का. ही चौकशी मी नीट, वेळेवर, दिवसाउजेडी केली असती तर तिने उत्तरं दिली असती असं मला आता वाटतं. रात्री पावणेतीनला थंडीत उभं करणं बरोबर होतं का? मला अजून नाही पटत, ती म्हणते आम्हीच ठरवलं होतं.

आणखी एक, हे तुमच्या खास कामाचं. मुलीची एकवीस वर्षं. आई-वडिलांच्या व्हिसावर आलेल्या मुलांना तेवढ्यापर्यंतच राहता येतं, एल-१ वाल्यांच्या मुलांनाही. आमचं ग्रीन कार्ड भारतीयांच्या रांगेत अडकलेलं, त्यामुळे ती आमच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर, सोळाव्या वर्षी मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या तेव्हा हिला परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. इथली पोरं त्या वाढदिवसाची वाट बघतात, आम्ही दोन वर्षं त्याला घाबरत होतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, तो मिळावा म्हणून आय-५३९ हा फॉर्म भरला, एक वकील केला तो फोन उचलायचा नाही, मी रात्र-रात्र फॉर्म वाचायचो. मार्च २०२५ ला ती एकवीसची झाली. त्या रात्री तिच्या खोलीत जमिनीवर सहा मुली बसल्या होत्या, तिची बिग नोकरी करते ती रजा टाकून आली होती, आणि ती स्वतः दोन वर्षांपूर्वी याच रांगेतून एफ-१ वर गेलेली. कुठला कागद कुठल्या क्रमाने लावायचा ते तिने हिला बसून समजावलं, माझ्या यादीत राहिलेली एक रिसीट तिनेच शोधून काढली. हे मला बायकोकडून कळलं. मी त्या मुलीला अजून भेटलेलो नाही. तुमच्याकडे सहा वर्षं आहेत, मिस्टरांना सांगा, पोचल्यावर पहिल्याच महिन्यात कंपनीकडे ग्रीन कार्डचा विषय काढा, लाजू नका, लेखी उत्तर घ्या.

माझी मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, तिला या वर्षी लिटल मिळणार आहे, आणि एप्रिलमध्ये नव्या लाइनचं प्रोबेट आहे. तारीख तिने आईला कळवलीय, मला नाही. मी काल ऑफिसात त्या शुक्रवारची रजा टाकली.