दिग्दर्शकांना मानवंदना देणारे छोटे व्हिडिओ बघून सिनेमा शिकता येतो का, की ती नुसती क्लिपांची माळ असते?

बरेचसे क्लिपांची माळच असतात. गाजलेले शॉट, वर भावुक संगीत, शेवटी नाव. पण तुम्ही एडिटिंग शिकत असाल तर आवर्जून सांगतो, त्यातले काही फार मोलाचे आहेत. चांगला व्हिडिओ दिग्दर्शकाची थोरवी गात बसत नाही. त्याची एखादीच सवय पकडतो आणि ती आपल्याला दिसेपर्यंत दाखवत राहतो.

कोगोनाडा हा दिग्दर्शक 'कोलंबस' (२०१७) हा आपला पहिला सिनेमा करण्याआधी असेच व्हिडिओ करायचा. त्याचा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकवरचा व्हिडिओ (२०१२) दोन मिनिटांचाही नाही. निवेदन नाही, फक्त लांबलचक कॉरिडॉर, खंदक, खोल्या, आणि सगळ्या रेषा मधल्या एका बिंदूकडे धावणाऱ्या. दिग्दर्शक वेस अँडरसनवरच्या व्हिडिओत (२०१४) त्याने पडद्याच्या बरोबर मधोमध उभी रेघ ओढलीय. एकामागून एक शॉट त्या रेघेवर चपखल बसत जातात.

माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम मात्र नववास्तववादावरचं, म्हणजे साध्या माणसांचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या महायुद्धोत्तर इटालियन सिनेमाच्या धारेवरचं आहे, २०१३ मधलं. या धारेतल्या इटालियन दिग्दर्शक डी सिकाने रोमच्या रेल्वे स्टेशनवर घडणारा एक सिनेमा केला. त्याचा हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिकने त्या सिनेमालाच कात्री लावून अमेरिकेसाठी वेगळी, छोटी आवृत्ती काढली. कोगोनाडा दोन्ही शेजारी-शेजारी लावतो. पात्र पुढे निघून गेलं की सेल्झनिक लगेच कट मारतो. डी सिका थांबतो. कथेत काहीच काम नसलेली माणसं फ्रेममधून ये-जा करत राहतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे बघत राहतो. कट कधी मारायचा यातच दिग्दर्शकाची भूमिका असते, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला माहीत नाही. हा दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'टोकियो-गा' (१९८५) हा माहितीपट छोटा नाही, दीड तासाचा आहे, तरी जपानी दिग्दर्शक ओझूसाठी बघाच. ओझूचे कॅमेरामन युहारू अत्सुता त्यात भेटतात. कॅमेरा जमिनीलगत कसा लावायचे ते म्हातारपणी स्वतः करून दाखवतात, ५० मिलिमीटरच्या लेन्सबद्दल सांगतात, आणि ओझूच्या आठवणीने शेवटी त्यांना रडू आवरत नाही.

एकच पथ्य पाळा: आधी मूळ सिनेमा, मग व्हिडिओ.

आपल्याकडे खुद्द फाळक्यांनी १९१७ मध्ये सिनेमा कसा तयार होतो यावर छोटी फिल्म केली होती आणि तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. पण तुम्हाला स्वतः असा व्हिडिओ करून बघायचा असेल तर शांतारामबापूंचा 'कुंकू' (१९३७) घ्या. त्यात पार्श्वसंगीत नाही, नैसर्गिक आवाजांवर सगळं पेललंय, आणि म्हाताऱ्या नवऱ्याशी जोडलेलं भिंतीवरचं घड्याळ परत परत येतं. नुसते त्या घड्याळाचे शॉट आवाजासकट एकापुढे एक लावले तरी उत्तम व्हिडिओ होईल. सरावासाठी तोच करायला घ्या. झाला की इथे टाका, मला मनापासून बघायचाय.